शाळेच्या माथ्यावरचे ऊन



आज तुमच्याशी बोलायचे आहे ते उन्हाविषयी. तुम्ही म्हणाल, सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाविषयी काय सांगायचे? त्याचा जन्मच उन्हात गेलेला. खरे आहे. पण हे ऊन शाळेच्या पंख्याला कसे फिरवील, आणि एकदा फिरू लागलेला पंखा दहा वर्षांनीही कसा फिरत राहील, हा प्रश्न जरा निराळा आहे. त्यातही पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. अवघड आहे तो दुसरा भाग, आणि माझे आजचे बोलणे मुख्यतः त्याविषयीच आहे.

होटगीचेच उदाहरण घेऊ. सोलापुराहून दक्षिणेकडे निघालो की होटगी जंक्शन लागते. येथून एक लोहमार्ग वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूर-गदगकडे फुटतो. फलाटावर कानाला मराठी लागते तशीच कानडीही लागते. याच परिसरात, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात, एन.टी.पी.सी.चे मोठे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, मिळून १३२० मेगावॅट. पहिला संच २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागला. त्याच्याही आधी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. म्हणजे देशाच्या विजेची एक मोठी गाठ आपल्याच जिल्ह्यात मारली गेली आहे.

इतकी वीज उशाशी आहे. पण गावच्या शाळेतला पंखा फिरेल की नाही, हे त्या उंच चिमणीवर ठरत नाही. ते ठरते शाळेच्या वीजबिलावर. बिल थकले म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांची जोडणी तोडली, ही बातमी आपण राज्यभरातून कितीदा तरी वाचली आहे. लोकवर्गणीतून घेतलेला संगणक, भिंतीवर लावलेला मोठा पडदा, हे सारे मग कापडाखाली झाकून ठेवावे लागते. शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान पटावर ठरते. त्यातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. पट कमी असला की अनुदानही कमी; पण पंखा काही वर्गात मुले किती आहेत हे पाहून वीज खात नाही.

यावर एक तोड म्हणजे शाळेच्या छतावर सोलरच्या प्लेटा बसविणे. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट तयार झाला, तेव्हा तो सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. आज तीच वस्तू आपल्या शेतातल्या पंपावर आणि घराच्या गच्चीवर दिसते. मग शाळेवर का नको? गावाने वर्गणी काढावी आणि बसवावी, असा विचार पुष्कळ ठिकाणी चालू आहे. विचार चांगला आहे. पण कोणतेही चांगले काम हिशेबाने करावे. म्हणून आधी थोडे गणित करू या. गुरुजी, हे गणित सहावी-सातवीच्या मुलांना फळ्यावर घालून द्यायलाही हरकत नाही.

समजा, सहा वर्गांची शाळा आहे. प्रत्येक वर्गात दोन पंखे आणि दोन एल.ई.डी. नळ्या. जुना पंखा ७५ वॅटचा धरला तर बारा पंखे ९०० वॅटचे झाले. रोज सहा तास फिरले तर ५.४ युनिट. बारा नळ्या २० वॅटप्रमाणे २४० वॅट. सहा तासांचे जवळजवळ दीड युनिट. संगणक, पडदा वगैरे मिळून सव्वा युनिट आणि पाण्याच्या मोटारीचे पाऊण युनिट. एकूण झाले रोजचे नऊ युनिट. शाळेचे कामाचे दिवस २२० धरले तर वर्षाला सुमारे २,००० युनिट.

आता उन्हाची बाजू पाहू. आपल्या भागात एक किलोवॅटच्या प्लेटा सरासरीने दिवसाला चार युनिटपर्यंत वीज देतात, म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिट. ५४० वॅटच्या तीन प्लेटा बसविल्या तर १.६ किलोवॅट झाले आणि वर्षाला २,२०० युनिटच्या आसपास वीज मिळाली. आपली गरज भागली! जागा लागते दीडशे चौरस फूट, म्हणजे एका वर्गाच्या छताचा तिसरा हिस्साही नव्हे. प्लेटा, सांगाडा, इन्व्हर्टर, तारा आणि मजुरी मिळून खर्च लाखाच्या आसपास धरा. भाव बदलतात, म्हणून तीन ठिकाणची दरपत्रके मागवावीत. युनिटमागे सरासरी आठ रुपये वाचले असे धरले तर वर्षाला १६,००० रुपये वाचतील. सहा-सात वर्षांत वर्गणी वसूल. आणि प्लेटांचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षांचे.

अहो, पण जरा थांबा. येथेच काही गैरसमज होतात आणि त्यातून पुढे गावात भांडणे लागतात. ते आधीच दूर केलेले बरे.

पहिला गैरसमज असा, की सोलर बसविले म्हणजे बिल शून्य. तसे नाही. जोडणी महावितरणची राहते, त्यामुळे स्थिर आकार द्यावाच लागतो. वर्गणी मागताना "आता बिलच येणार नाही" असे सांगितले आणि पुढल्या महिन्यात बिल आले, की वर्गणी देणारा म्हणणार, "आम्हांला फसवलं."

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. लोकांना वाटते, वीज गेली तरी आपली शाळा उजळलेली राहील. जाळ्याला जोडलेल्या साध्या संचाचे तसे नसते. बाहेरची वीज गेली की हा संच भर दुपारच्या उन्हातही आपोआप बंद पडतो, आणि तो तसा पडायलाच हवा. कारण खांबावर वायरमन चढलेला असतो. तार मेलेली आहे असे समजून तो हात लावणार, आणि आपल्या छतावरून त्या तारेत वीज शिरली तर? म्हणून तशी योजनाच केलेली असते. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीचा संच घ्यावा लागतो. त्याला पैसा जास्त लागतो आणि ठरावीक वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. शिशाच्या बॅटरीला चार-पाच वर्षे म्हणजे पुष्कळ झाली. दिवसा भरणाऱ्या शाळेला बहुधा साधा संच पुरतो. आरोग्य केंद्राची गोष्ट वेगळी. तेथे लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि बाळंतपण काही वीज पाहून येत नाही. तेथे बॅटरीचा खर्च करणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न सुटीचा. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद आणि ऊन तर रग्गड. मग ती वीज वाया जायची काय? नाही. नेट मीटर म्हणून एक मीटर असतो. तो येणारी वीजही मोजतो आणि जाणारीही. सुटीत आपण जाळ्याला दिलेले युनिट आपल्या खात्यावर जमा होतात आणि पुढे वापरता येतात. हे खाते आर्थिक वर्षापुरते चालते. मार्चअखेर शिल्लक उरली तर तिचे पैसे कमी दराने मिळतात. आपली सुटी आर्थिक वर्षाच्या आरंभीच येते, हे आपल्या फायद्याचे. सुटीतली साठवण पावसाळी दिवसांना आणि पुढल्या महिन्यांना उपयोगी पडते. पण म्हणूनच गरजेपेक्षा फार मोठा संच बसवू नये. जास्तीची वीज विकून शाळा श्रीमंत होईल, ही आशा धरू नका. जोडभार किती मंजूर आहे, जुनी थकबाकी आहे का, चालू नियम काय आहेत, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्या.

चौथा गैरसमज अनुदानाचा. केंद्र सरकारची प्रधानमंत्री सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. पण ते घरगुती ग्राहकासाठी. शाळेच्या छताला ते लागू नाही. शाळेसाठी जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समिती, महाऊर्जा यांच्याकडे विचारणा करावी. आपल्या परिसरात वीज केंद्र आहे, सिमेंटचा कारखाना आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. तेथेही रीतसर अर्ज करावा. मागण्यात कमीपणा नाही.

"मग सरकारचं काम आम्ही वर्गणी काढून का करायचं?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. शाळा चालविणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती गावाने आपल्या डोक्यावर घेऊन सरकारला मोकळे करावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. आधी हक्काने मागा. पण दुसऱ्याच्या पैशाने आलेली वस्तू आणि आपल्या घामाची वस्तू यांत फरक पडतो. तो कसा, याची एक घडलेली गोष्ट सांगतो.

बिहारात जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. तेथे वर्षानुवर्षे वीज नव्हती. २०१४ साली बाहेरच्या एका संस्थेच्या पुढाकाराने तेथे १०० किलोवॅटचे सौर वीजजाळे उभे राहिले. घरोघरी दिवे लागले, रस्त्यावर दिवे लागले, देशभर गाजावाजा झाला. पुढे सरकारी जाळ्याची वीज गावात आली. ती स्वस्त होती. सौर विजेचे ग्राहक घटले, बॅटऱ्यांचे आयुष्य संपले आणि त्या बदलण्याची सोय कोणी केलेली नव्हती. काही वर्षांतच सारे बंद पडले. ज्या आवारात यंत्रे होती तेथे गुरे बांधली जाऊ लागली. ऊन तेच होते आणि प्लेटाही होत्या. कमी पडले ते जतन, आणि जतनासाठी बाजूला काढलेला पैसा.

याच्या उलट आपल्या राज्यातली एक गोष्ट ऐका. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी हे शंभरएक घरांचे छोटे गाव. २०२४ साली ते राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. घरांबरोबर गावाचे सामायिक कामही सौर विजेवर आणले गेले. त्यात सरकारी योजनांचा वाटा होता, नाही असे नाही. पण हे गाव त्याच्या कितीतरी आधीपासून ग्रामस्वच्छतेत आणि एकजुटीच्या कामात नाव मिळवून होते. प्लेटा आल्या त्या आधीच लागलेल्या सवयीवर आल्या. परदेशातही हाच अनुभव. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्ट भागात शोनाऊ नावाचे छोटे गाव आहे. १९८६ च्या चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर तेथल्या काही आईबापांनी मुलांच्या काळजीने विजेचा विचार सुरू केला. विजेची बचत करण्यापासून त्यांनी आरंभ केला, आणि १९९७ साली गावातले वीजवितरणच नागरिकांच्या कंपनीने विकत घेऊन चालवायला घेतले. अकरा वर्षांचा चिकाटीचा उद्योग होता तो, श्रोतेहो!

आणि आपल्याला तरी हे नवे आहे का? सोलापूरचे तळे पाहा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन ते खोदविले, अशी आपली परंपरा सांगते. होटगीपासून अक्कलकोटपर्यंत या भागातल्या शरणांच्या मठांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द घरोघर पोहोचविले आहेत. कायक म्हणजे श्रम, दासोह म्हणजे मिळविलेले वाटून खाणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या पोरांच्या पोटाला मुष्टिफंडाचे धान्य मिळे. गावच्या आयाबहिणी दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढीत. एक मूठ म्हणजे काय हो? पण ती रोजची होती, म्हणून तिच्यावर शाळा उभ्या राहिल्या.

माझे सांगणे एवढेच आहे, की सोलरची वर्गणी मुष्टिफंडासारखी असावी. एकदाच मोठी रक्कम गोळा करून, फीत कापून, फोटो काढून मोकळे होण्यात काम संपत नाही. प्लेट एका दिवसात बसते. ती सांभाळायची असते पंचवीस वर्षे.

आता सांभाळायचे म्हणजे काय, ते नेमके पाहू.

पहिले काम जागेचे. इमारत जिल्हा परिषदेची असते, तेव्हा लेखी परवानगी हवी. छप्पर किती ओझे सोसेल हे बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहून घ्यावे. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्याकडे वावटळी सुटतात आणि वळवाच्या पावसात पत्रे उडतात. सांगाडा पक्का नसेल तर प्लेटाही उडतील. प्लेटांचे तोंड दक्षिणेला आणि उतार सतरा-अठरा अंशांचा असावा, कारण आपले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण तितक्याच अंशांवर आहे. प्लेटेवर सावली पडू नये. पण म्हणून अंगणातला कडुनिंब तोडायचा नाही, बरं का! प्लेटांची जागा बदला. झाडाखाली मुले डबा खातात.

दुसरे काम धुण्याचे. आपल्या कोरड्या मुलखात धूळ फार. रस्त्याची धूळ, खळ्यावरचा भुसा, कारखान्याच्या बाजूची राख. धुळीचा थर बसला की वीज घटते. दर पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, मऊ फडक्याने आणि पाण्याने प्लेटा धुवाव्या. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते. बोअरचे पाणी क्षारी असेल तर त्याचे पांढरे डाग राहतात. तेव्हा शक्य तर पावसाचे साठविलेले किंवा गोडे पाणी घ्यावे आणि काच पुसून कोरडी करावी. हे काम मोठ्या माणसाने करावे. मुलांना छतावर मुळीच चढवू नये. ऊन आहे तोवर प्लेटेच्या तारांत वीज असतेच. तिला बटण नसते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला विसरू नये, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग काम देत नाही.

येथे एक गंमत सांगतो. तुम्हांला वाटेल, मे महिन्याचे ऊन सर्वांत कडक, तेव्हा वीजही सर्वांत जास्त. तसे होतेच असे नाही. प्लेटेला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. तिची ताकद २५ अंशांवर मोजलेली असते. आपल्या मेच्या दुपारी प्लेट साठ अंशांच्याही वर तापते, आणि प्रत्येक अंशामागे तिची शक्ती शेकडा तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त कमी होते. म्हणजे भर दुपारी आठवा हिस्सा नुसत्या तापण्यात जातो. म्हणून प्लेट छताला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतकी उंच बसवावी.

तिसरे काम नोंदीचे, आणि ते मुलांचे. इन्व्हर्टरवर रोज किती युनिट झाले ते दिसते. इन्व्हर्टर खाली, सावलीत, डोळ्यांसमोर बसवावा. रोज शाळा सुटताना एका मुलाने किंवा मुलीने तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि वहीत टिपावा. महिन्याचा आलेख काढावा. भूगोलाच्या तासाला दिवस लहानमोठा होण्याशी तो ताडून पाहावा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी सूर्य भर माध्यान्ही आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, हे मुलांना अंगणात दाखवावे. या वहीचा दुसराही उपयोग आहे. बिघाड पहिल्यांदा मुलांना कळतो. काल सहा होते, आज दोनच का? ढग तर नव्हते! असा प्रश्न ज्या शाळेत मूल विचारते, तेथली प्लेट सहा महिने बंद पडून राहू शकत नाही.

चौथे काम पैशाचे. वाचलेल्या १६,००० रुपयांपैकी दरवर्षी ५,००० वेगळ्या खात्यावर टाकावे. इन्व्हर्टर साधारण दहा वर्षांनी बदलावा लागतो. तेव्हा पुन्हा दारोदार फिरण्याची वेळ येऊ नये. खाते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने उघडावे, सही एकट्याची नसावी, आणि जमाखर्च वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावा. गावाची वर्गणी बुडते ती बहुतेक वेळा चोरीने नव्हे, तर हिशेब न सांगितल्याने. एकदा मनात संशय शिरला की पुढची वर्गणी मिळत नाही.

आणि पाचवी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्गणी ही वर्गणीच राहावी, तिची पट्टी होऊ नये. दोनशे उंबऱ्यांच्या वाडीला लाखभर रुपये म्हणजे उंबऱ्यामागे ५०० झाले. ज्याला ऊस आहे त्याला ५०० काही वाटणार नाहीत. जो रोजगारावर जातो त्याचा तो दीड-दोन दिवसांचा घास असेल. म्हणून सारखा आकडा लावू नये. कोणाच्या पोराला शाळेत "तुझ्या बापानं दिले नाहीत" असे ऐकावे लागले, तर त्या प्लेटांच्या विजेपेक्षा तो काळोख मोठा. ऐपतीप्रमाणे पैसा, नसेल त्याने श्रम. सांगाड्याचे ओटे बांधायला हात लागतात, तारेचा चर खणायला हात लागतात. फलकावर आकडे लिहू नका. लिहायचेच असेल तर "समस्त गावकरी" एवढे दोन शब्द पुरेत. मास्तरांनीही पालकांकडून सक्तीने काही घेऊ नये. तो कायद्याचाही मामला आहे आणि शाळेच्या अब्रूचाही.

शाळेत हे जमले की मग पुढचे पाऊल. ग्रामपंचायतीचे बिल पाहिले तर त्यात मोठा वाटा पाणीपुरवठ्याच्या मोटारींचा आणि पथदिव्यांचा असतो. अंगणवाडी, समाजमंदिर, वाचनालय, आरोग्य उपकेंद्र, या सगळ्यांचे क्रम ठरवावेत. सगळे एकदम करू नये. आधी बचत: जुना पंखा बिघडला की नवा घेताना कमी विजेचा, तीस वॅटच्या आसपासचा घ्यावा. आपल्या हिशेबातले बाराही पंखे असे बदलले गेले तर रोजचे सव्वातीन युनिट वाचतात, आणि तीन प्लेटांच्या जागी दोन पुरतात.

फताटेवाडीच्या चिमणीशी आपले भांडण नाही. ती देशाची गरज भागविते, आणि रात्री आपल्या घरचा दिवाही तिच्यासारख्यांच्याच जोरावर जळतो. पण कोळशाच्या एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, हेही ध्यानात असू द्या. वर्षाला २,००० युनिट म्हणजे टनाहून अधिक कोळसा झाला. देशाच्या हिशेबात तो थेंबभर. शाळेच्या हिशेबात मात्र १६,००० रुपये म्हणजे प्रयोगशाळेची पेटी, वाचनालयाची पुस्तके, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी. उन्हाने वाचविलेला पैसा असा दिसला पाहिजे. नाहीतर मुलांना सूर्यापासून काय मिळाले?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. पुढल्या ग्रामसभेला अवश्य जा. सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकांना, तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेचे गेल्या वर्षीचे वीजबिल किती आले? गावात आधी कोठे सोलर बसविले असेल तर ते आज चालू आहे का? आणि नवीन बसविले तर दहा वर्षांनी त्याचा इन्व्हर्टर कोणाच्या पैशाने बदलायचा?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी ग्रामसभेच्या वहीत लिहिले जाईल, त्या दिवशी वर्गणीची पावती फाडायला घ्या. त्याच्या आधी नको.